तंतुयुक्त फिलामेंट: ताठपणा नक्की, ताकद दिशेवर अवलंबून

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटारीचा भार पेलणारा एक काटकोनी ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर साध्या नायलॉनऐवजी कार्बन फायबर (कार्बनचे तंतू) मिसळलेल्या नायलॉनच्या फिलामेंटने, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या तारेने, छापला. हाताला तो पहिल्यापेक्षा स्पष्टपणे ताठ लागला; पण यंत्रावर बसवल्यावर थोड्याच दिवसांत काटकोनाच्या आतल्या कोपऱ्यापाशी, दोन थरांच्या सांध्यावर, सुरीने कापल्यासारखा सरळ तुटला. मग फायबरमुळे भाग मजबूत होतो हे कितपत खरे आहे, कोणत्या कामाला कोणते फिलामेंट घ्यावे आणि छापताना काय पाळावे?

आधी उत्तराचा गाभा सांगतो. रिळावर मिळणाऱ्या बहुतेक तंतुयुक्त फिलामेंटमध्ये आखूड, चिरलेले किंवा दळलेले तंतू असतात. असे फिलामेंट भागाला ताठपणा, मापांची स्थिरता आणि काही प्लास्टिकांत उष्णता सोसण्याची क्षमता देते. ताकद ते बेताचीच वाढवते, आणि तीही नोझल, म्हणजे वितळलेले प्लास्टिक सोडणारी तोटी, ज्या दिशेने फिरले त्या दिशेपुरती. थरावर थर रचला जातो त्या उभ्या दिशेत मात्र तंतुयुक्त भाग त्याच साध्या प्लास्टिकच्या भागापेक्षा पुष्कळदा कमजोर निघतो. ब्रॅकेट नेमका त्याच दिशेत ओढला जात होता.

हे असे का होते ते समजून घेण्यासाठी तंतूच्या लांबीकडे पाहावे लागते. कार्बनचा तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो आणि नेहमीच्या प्रतीच्या तंतूचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचे माप) २३० गिगापास्कलच्या आसपास, तर ताणबळ (ताणून तुटेपर्यंतची ताकद) ३,५०० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक असते. नायलॉनचा गुणांक कोरडा असताना जेमतेम ३ गिगापास्कल. हे आकडे शेजारी ठेवले की थोडासा तंतू मिसळूनही चमत्कार घडावा असे वाटते. पण तंतूवर भार येतो तो भोवतालच्या प्लास्टिकमधून, तंतूच्या पृष्ठभागाला लागून होणाऱ्या कर्तनातून, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या ओढीतून. तंतूच्या टोकाशी हा भार जवळजवळ शून्य असतो आणि आत सरकावे तसा वाढत जातो. तंतू पुरेसा लांब नसेल तर त्याच्या मध्यापर्यंतसुद्धा पूर्ण भार पोहोचत नाही. प्लास्टिकवरची त्याची पकड आधी सुटते आणि तंतू न तुटता उपसून येतो. केली आणि टायसन या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ही किमान लांबी म्हणजे तंतूचे ताणबळ गुणिले व्यास, भागिले पृष्ठभागाच्या कर्तनबळाची दुप्पट. तंतूचे ताणबळ ३,५०० मेगापास्कल, व्यास ७ मायक्रॉन आणि कर्तनबळ ४० मेगापास्कल धरले तर उत्तर सुमारे ३०० मायक्रॉन येते.

आता फिलामेंटमधले तंतू प्रत्यक्षात किती लांब असतात? तंतू आणि प्लास्टिक दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) मळले जातात, मग ते मिश्रण पुन्हा वितळवून त्याचे फिलामेंट ओढले जाते, आणि शेवटी प्रिंटरच्या नोझलमधून ते पुन्हा एकदा जाते. प्रत्येक टप्प्यावर तंतू मोडतात. शिवाय ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून सुखरूप जायचे तर तंतू मुळातच आखूड घ्यावे लागतात. छापलेल्या भागात त्यांची लांबी बहुधा १०० ते २०० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. वरच्याच आकड्यांवर १५० मायक्रॉनच्या तंतूच्या ऐन मध्यभागी त्याच्या ताकदीच्या निम्माच ताण येऊ शकतो, आणि पूर्ण लांबीवर सरासरी काढली तर एक चतुर्थांश. म्हणजे ज्या ताकदीसाठी कार्बन प्रसिद्ध आहे तिचा मोठा हिस्सा वापरात येतच नाही.

ताठपणाचे गणित थोडे उदार असते, कारण त्यासाठी तंतू तुटेपर्यंत ताणला जाण्याची गरज नसते. वजनाने १५ टक्के कार्बन घातलेले नायलॉन घेऊ. कार्बनची घनता १.८ च्या जवळ आणि नायलॉनची १.१३ असल्यामुळे आकारमानात तंतूंचा वाटा सुमारे १० टक्केच राहतो. सगळे तंतू अखंड आणि एकाच दिशेत असते तर गुणांक २५ गिगापास्कलपर्यंत गेला असता. प्रत्यक्षात अशा फिलामेंटच्या माहितीपत्रकांत छपाईच्या दिशेत ५ ते ८ गिगापास्कलचे आकडे दिसतात. म्हणजे तंतूंच्या क्षमतेपैकी साधारण पंचमांश पदरात पडते. तरीही साध्या नायलॉनच्या दुप्पट ते तिप्पट ताठपणा मिळाला, आणि तोच तुमच्या हाताला जाणवला. ताठ म्हणजे मजबूत असे हात सहज मानतो. गफलत तिथेच होते. ताठ भाग वाकून भार वाटून देत नाही, त्यामुळे कोपऱ्यासारख्या जागी ताण एकवटतो आणि भाग आधी काही न दाखवता एकदम मोडतो. तंतुयुक्त प्लास्टिकचे तुटेपर्यंतचे ताणले जाणे साध्या नायलॉनच्या मानाने फारच कमी असते.

दिशेचा मुद्दा यापुढचा. नोझलच्या निमुळत्या भागातून वितळलेले प्लास्टिक जाताना तंतू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि छापलेल्या रेषेच्या लांबीशी समांतर बसतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१४ मध्ये कार्बन तंतू मिसळलेल्या एबीएस या प्लास्टिकवर केलेल्या अभ्यासात छापलेल्या नमुन्यांत तंतूंची ही एकदिशा फार मोठ्या प्रमाणात आढळली. पण त्याच नमुन्यांत पोकळ्याही बऱ्याच सापडल्या. या पोकळ्या दोन जातींच्या असतात. एक, शेजारच्या रेषांमध्ये राहणारी त्रिकोणी फट; ती तंतू वाढवला तशी घटते, कारण तंतुमय प्लास्टिक नोझलमधून निघताना कमी फुगते. दुसरी, रेषेच्या आत तंतूंच्या टोकांशी तयार होणारी सूक्ष्म पोकळी. ती तंतू वाढवला तशी वाढते. पहिली फट स्लायसरमधल्या, म्हणजे भागाचे थर पाडून नोझलचा मार्ग ठरवणाऱ्या प्रोग्राममधल्या, मापांनी बरीचशी बुजवता येते, दुसऱ्या जातीला वापरणाऱ्याच्या हातात फारसा इलाज नाही.

दोन थरांच्या सांध्यातून मात्र एकही तंतू आरपार जात नाही. तिथे जोड धरतो तो केवळ प्लास्टिकच्या रेणूंचा एकमेकांत झालेला शिरकाव, आणि तंतूंमुळे वितळलेले प्लास्टिक दाट झाल्याने, रेषेचा पृष्ठभाग खरबरीत झाल्याने तो शिरकावही कमी होतो. माहितीपत्रकात म्हणूनच आडव्या आणि उभ्या दिशेचे आकडे वेगवेगळे शोधावेत. उभ्या दिशेचा आकडा आडव्याच्या निम्म्यावर असणे अगदी नेहमीचे आहे. आणि तो आकडा दिलेलाच नसेल तर निर्मात्याला तो दाखवायचा नाही असे मी धरून चालतो.

तुटलेला तुकडा अजून हाताशी असेल तर भिंगाखाली पाहावा. रेषांच्या लांबीला आडवा भंग झाला असेल तर तुटलेल्या कडेवर बारीक काळे केस उभे दिसतात आणि त्यांच्या शेजारी केस उपसून गेलेली भोके दिसतात. केस लांब आणि स्वच्छ असतील तर प्लास्टिक आणि तंतू यांची पकडच कच्ची आहे, आणि केसांवर प्लास्टिक चिकटलेले असेल तर पकड चांगली आहे. थरांच्या सांध्यावर भंग झाला असेल तर केस जवळजवळ दिसतच नाहीत. नुसत्या समांतर वळ्या आणि त्यांच्यामधल्या काळ्या फटी दिसतात. तुमच्या वर्णनावरून तुमचा भंग दुसऱ्या प्रकारचा आहे. इथे फिलामेंट बदलून, म्हणजे अधिक तंतूंचे किंवा अधिक महागडे फिलामेंट आणून, काही साधणार नाही.

उपाय मांडणीत आहे. ब्रॅकेट एका पायावर उभा छापला की थर कोपऱ्याला आडवे जातात आणि प्रत्येक झटका सांधा उकलण्याचे काम करतो. तोच भाग कुशीवर झोपवून, इंग्रजी एल अक्षराचा आकार बेडवर (ज्या पाटावर भाग छापला जातो त्यावर) सपाट येईल असा छापला, तर बाहेरच्या भिंतींच्या रेषा कोपऱ्याला वळसा घालून एका पायातून दुसऱ्या पायात जातात आणि त्यांच्यासोबत तंतूही. आतल्या कोपऱ्याला निदान भागाच्या जाडीइतकी गोलाई द्यावी. भिंतींची संख्या ४ ते ६ करावी. भरणाची, म्हणजे भिंतींच्या आतल्या जाळीची, टक्केवारी वाढवण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो, कारण वाकवणारा भार मुख्यतः भागाच्या बाहेरच्या कडांवर येतो आणि भिंतीतले तंतूच कडेला समांतर असतात. बोल्टच्या भोकांत धातूची नळी बसवावी, म्हणजे बोल्ट आवळल्याचा दाब नळीवर जाईल. तंतूंमुळे प्लास्टिकचे हळूहळू दबत जाणे कमी होते, थांबत नाही. नळी नसेल तर आज घट्ट केलेला बोल्ट काही आठवड्यांनी सैल सापडतो.

मग आखूड तंतूंचे फिलामेंट घ्यावेच कशाला? माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग वाकण्या-वळण्याला आळा घालण्यात आहे. प्लास्टिक थंड होताना आकसते, खालचे थर आधी आकसून बसलेले असतात, आणि या ओढाताणीत भागाच्या कडा बेडवरून उचलल्या जातात. कार्बनचा तंतू त्याच्या लांबीच्या दिशेत तापमानाने जवळजवळ बदलतच नाही, किंबहुना तापवल्यावर किंचित आखडतो. त्यामुळे तंतुमय रेषा साध्या रेषेच्या मानाने फार कमी आकसते. शिकागो येथे सप्टेंबर २०१४ मध्ये एका यंत्रप्रदर्शनात लोकल मोटर्स या कंपनीने स्ट्राटी नावाची मोटारगाडी छापून दाखवली, तिचा मुख्य सांगाडा कार्बन तंतू मिसळलेल्या एबीएसचा होता. त्या यंत्रात फिलामेंटऐवजी प्लास्टिकचे दाणे वापरले होते, पण तत्त्व तेच. साध्या एबीएसमध्ये, गरम कक्षाशिवाय, त्या आकाराचा भाग छापताना तडकला किंवा वाकला असता. आपल्या लहान यंत्रांवरही हाच अनुभव येतो: साधे नायलॉन मोठ्या सपाट भागात हमखास कडा उचलते, तेच कार्बन किंवा काचतंतू घातल्यावर निमूट बसते. जिग आणि फिक्स्चर (काम करताना वस्तू जागेवर धरणारे साचे), ड्रिलिंगची मार्गदर्शक साधने, कॅमेऱ्याचे आधार, ड्रोनचे हात अशा ठिकाणी ताठपणा आणि माप हेच काम असते. तिथे हे फिलामेंट आपली किंमत वसूल करून देते.

आता प्लास्टिकची निवड. तंतू कोणताही असो, भागाचा स्वभाव शेवटी मूळ प्लास्टिक ठरवते. पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये कार्बन घालण्याला दिसण्यापलीकडे फारसा अर्थ नाही; ते आधीच ताठ आहे, तंतूंनी आणखी ठिसूळ होते, आणि ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडण्याची त्याची खोड कायम राहते. पीईटीजी हे दुसरे नेहमीचे प्लास्टिक तंतूंमुळे छापायला सोपे आणि दिसायला नीटस होते, पण ८० अंशांच्या आत मऊ पडते. अशा अस्फटिक, म्हणजे रेणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेल्या, प्लास्टिकांत तंतूंनी उष्णतेची मर्यादा फार वर सरकत नाही. नायलॉन किंवा पीईटी यांसारख्या अर्धस्फटिक प्लास्टिकांत मात्र तंतू आणि स्फटिक मिळून काचांक तापमानाच्या (प्लास्टिक जिथे मऊ पडू लागते त्या तापमानाच्या) बऱ्याच वरपर्यंत आकार टिकवतात, आणि भाग छापल्यावर ८० ते १२० अंशांत काही तास ठेवून ॲनीलिंग केले तर हा फरक आणखी ठळक होतो. ॲनीलिंगमध्ये भाग थोडा आकसतो आणि उभ्या व आडव्या दिशेत वेगवेगळा आकसतो, म्हणून भोकांची मापे आधी एका चाचणीच्या तुकड्यावर ठरवावीत. पीईईके आणि पीईकेके या खूप उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकांबद्दल इथे एवढेच: ४०० अंशांच्या घरातले नोझल आणि खरोखर तापवलेला कक्ष नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

नायलॉन घेणाऱ्याने ओलाव्याचा विषय गंभीरपणे घ्यावा. नायलॉन ६ साधारण ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत वजनाच्या अडीच ते तीन टक्के पाणी शोषते आणि पाण्यात बुडवून ठेवले तर नऊ टक्क्यांच्या वर. नायलॉन १२ याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास. तंतू घातल्याने प्लास्टिकचा वाटा घटतो तेवढेच शोषणे घटते. ओले फिलामेंट नोझलमध्ये चरचरते, वाफेचे बुडबुडे रेषेत अडकतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि थरांची पकड ढासळते. आपल्या ब्रॅकेटच्या बाबतीत हेही एक कारण असू शकते. रीळ ८० अंशांवर ८ ते १२ तास सुकवावे आणि छापतानाही बंद, कोरड्या डब्यातूनच ओढावे. सुकले की नाही हे ठरवायची खात्रीची रीत म्हणजे वजन: दर दोन तासांनी रीळ तोलावे आणि वजन घटायचे थांबले की काम झाले. पुठ्ठ्याचे रीळ असेल तर पुठ्ठाही पाणी सोडतो, हे हिशेबात धरावे. आणि काही प्लास्टिकची रिळे ८० अंशांत स्वतःच वाकडी होतात, तेव्हा रीळ किती तापमान सोसते ते आधी पाहावे.

इथे एक उलट बाजू आहे. छापून झालेला नायलॉनचा भाग हवेतले पाणी शोषू लागला की त्याचा ताठपणा चांगलाच घटतो आणि चिवटपणा वाढतो. माहितीपत्रकातले भरघोस आकडे बहुधा कोरड्या नमुन्याचे असतात. दमट हवेत राहणाऱ्या भागाची रचना ओल घेतलेल्या अवस्थेच्या आकड्यांवरच करावी. ताठपणा बारा महिने सारखा हवा असेल तर कार्बनयुक्त पीईटी हा माझ्या मते अधिक शहाणा पर्याय आहे, कारण ते पाणी फारच कमी शोषते.

कार्बन की काच? काचतंतूचा गुणांक ७२ गिगापास्कलच्या आसपास आणि घनता २.५ च्या वर, त्यामुळे त्याच वजनाच्या टक्केवारीत ताठपणा कमी आणि भाग जड. पण काचतंतूचे नायलॉन आघात बरेचदा अधिक सोसते, स्वस्त असते आणि रेडिओ लहरींना अडवत नाही. अँटेनाच्या आवरणात कार्बन घालू नये. कार्बनचा भाग ओल्या जागी ॲल्युमिनियमला थेट टेकत असेल तर उघडे पडलेले तंतू ॲल्युमिनियम खाऊ लागण्याचा संभव असतो. मध्ये वॉशर किंवा लेप असावा.

यंत्राच्या बाजूने पहिली अट कठीण नोझलची. पितळी नोझल हे तंतू एका रिळातही निकामी करू शकतात. झीज दोन ठिकाणी होते. छिद्र रुंदावते, म्हणून रेषा हव्या त्या रुंदीच्या येत नाहीत. आणि नोझलचे सपाट टोक घासून आखूड होते, म्हणून पहिला थर काल नीट चिकटत होता तो आज उंचावरून पडल्यासारखा दिसतो. कडक केलेले पोलाद, टंगस्टन कार्बाइड किंवा माणकाच्या टोकाचे नोझल घ्यावे. पोलाद पितळेच्या मानाने उष्णता कमी वाहते, त्यामुळे तापमान ५ ते १५ अंशांनी वाढवावे लागते. छिद्र ०.६ मिलिमीटरचे ठेवले तर तंतूंची गुठळी अडकण्याचा त्रास जवळजवळ संपतो, आणि रेषा रुंद झाल्याने थरांची पकडही सुधारते. फिलामेंट पुढे ढकलणारी दातेरी चाकेसुद्धा कडक पोलादाचीच हवीत. तंतुयुक्त फिलामेंट ठिसूळ असते. रिळापासून यंत्रापर्यंतच्या नळीत तीव्र वळण असेल तर ते नळीतच तुटते आणि तुकडा काढण्यात वेळ जातो.

नायलॉनसाठी मी नोझल निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला, बहुधा २८० ते ३०० अंशांच्या दरम्यान, ठेवतो. पंखा बंद किंवा अगदी मंद, कक्ष झाकलेला आणि वेग बेताचा. या सगळ्याचा उद्देश एकच, की वरची रेषा पडताना खालची अजून गरम असावी. बेडवर पीव्हीपीच्या गोंदकांडीचा पातळ थर पुरतो.

खरोखर ताकद हवी असेल तर सलग तंतूंकडे वळावे लागते. मार्कफोर्ज्ड या कंपनीने २०१४ मध्ये असे यंत्र पुढे आणले, ज्यात एक नोझल प्लास्टिक घालते आणि दुसरे प्लास्टिकमध्ये भिजवलेला अखंड तंतू अंथरते, व मार्ग संपला की छोटी कात्री तो कापते. तंतू कार्बन, काच किंवा केव्हलार यांपैकी निवडता येतो. त्यांच्या कार्बन तंतूच्या फिलामेंटचा गुणांक ६० गिगापास्कल आणि ताणबळ ८०० मेगापास्कल सांगितले जाते. ही पातळी वेगळीच आहे. मात्र वळण फार लहान असेल तर तंतू तिथे बसत नाही, अगदी लहान भागात त्याला जागाच मिळत नाही, आणि उभ्या दिशेत इथेही प्लास्टिकच काय ते धरते. पुष्कळ वेळा आखूड तंतूंच्या भागात योग्य दिशेने खोबणी ठेवून पोलादी सळई किंवा लांब बोल्ट घातला तर तेच काम कमी खर्चात होते, आणि बोल्टने थर एकमेकांवर दाबून धरले की उभ्या दिशेची कमजोरीही झाकली जाते.

भाग साफ करताना काळजी घ्यावी. आधार तोडलेल्या जागी उघडी पडलेली टोके कातडीत शिरतात आणि खाज सुटते. काचतंतूंची तर फारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार श्वासातून फुप्फुसात खोल जाऊ शकणारा तंतू ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, आणि ७ मायक्रॉनचा अखंड कार्बन तंतू त्यात बसत नाही; पण घासताना निघणाऱ्या धुळीत त्याचे तुकडे आणि प्लास्टिकचे कणही असतात, म्हणून या व्याख्येवर विसंबून तोंड उघडे ठेवू नये. पॉलिश पेपर पाण्याने ओला ठेवून घासावे, हातमोजे व कण अडवणारा मास्क वापरावा, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. अन्नाला किंवा सतत हाताला लागणारा भाग या फिलामेंटचा करायचाच असेल तर त्यावर इपॉक्सीचा लेप द्यावा; अन्नाच्या बाबतीत तर मी लेप देऊनही हे फिलामेंट वापरणार नाही.